हिशेब मागणारे बाबासाहेब

बाबासाहेबांचा फोटो नाही असे घर आपल्या वस्तीत शोधून सापडणार नाही. अंगात निळा कोट, एका हातात संविधान आणि दुसऱ्या हाताचे बोट पुढची दिशा दाखवणारे. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण या प्रतिमेपुढे नतमस्तक होतो. पण संविधान हातात येण्यापूर्वी तीस-पस्तीस वर्षे त्या हातात कोणती पुस्तके होती, याचा विचार आपल्यापैकी किती जण करतात? ती पुस्तके होती सरकारी जमाखर्चाची. जुनी, जाडजूड आणि नुसत्या आकड्यांनी भरलेली. संविधानाचे शिल्पकार बाबासाहेब, चवदार तळ्याचे बाबासाहेब, धम्मक्रांतीचे बाबासाहेब आपल्याला ठाऊक आहेत. सरकारने कोणाकडून किती घेतले आणि कोणावर किती खर्च केले, हे विखुरलेल्या कागदांतून जुळवून काढणारे बाबासाहेब मात्र आपण विसरलो. हे विसरणे आपल्याला फार महागात पडत आहे, म्हणून आज हा विषय.

ही गोष्ट आम्ही वऱ्हाडातील अंजनगाव सुर्जीपासून सुरू करतो, त्याला कारण आहे. पानमळ्यांसाठी आणि पानपिंपरीसाठी ओळखले जाणारे हे गाव इतिहासात एका तहासाठी नोंदले गेले आहे. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावची लढाई झाली, डिसेंबरात गाविलगड पडला. १७ डिसेंबरला नागपूरकर भोसल्यांनी देवगावच्या तहावर सही केली आणि ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांचा ईस्ट इंडिया कंपनीशी सुर्जी अंजनगावला तह झाला. दिल्ली, आग्रा, गंगा-यमुनेचा दुआब, भडोच, अहमदनगर असे सारे कंपनीकडे गेले. भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाच्या पदरात पडला. शाळेच्या पुस्तकात धडा इथे संपतो. कोण जिंकले, कोण हरले, कोणाचा किल्ला कोणाकडे गेला. पण या लढायांचा खर्च कोणी दिला, हा प्रश्न त्या धड्यात नसतो.

वऱ्हाडपुरता पुढचा इतिहास तर अधिकच बोलका आहे. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली दिले. कारण काय? हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च! म्हणजे फौज इंग्रजांच्या हुकमतीतली आणि तिच्या पगारासाठी गहाण पडला वऱ्हाडातला कापूस पिकवणारा माणूस. १८६० साली तह सुधारला. त्यात एक कलम असे घातले गेले की, वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब निजामाने मागायचा नाही. मागचा नाही, चालू नाही आणि पुढचाही नाही. खर्च वजा जाऊन काही शिल्लक उरली तर ती निजामाला मिळेल, पण खर्च किती करायचा हे इंग्रज सरकारच ठरवील. १९०२ साली वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले गेले, वर्षाला २५ लाख रुपये ठोक देऊन. पुढच्याच वर्षी ते मध्य प्रांताला जोडले गेले. वाचकहो, निजामाचा कैवार घेण्याचे आम्हाला कारण नाही. पण इतका मोठा राजा असून त्याला हिशेब मागण्याचा हक्क नव्हता, तर गावकुसाबाहेरच्या महाराला, मांगाला, चांभाराला तो कोण देणार होते? ज्याला लुटायचे त्याचा हिशेब मागण्याचा हक्क आधी काढून घ्यायचा, ही सत्तेची जुनी रीत आहे.

ही रीत मोडणारा माणूस १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्माला आला. वडील सुभेदार रामजी सैन्यातल्या शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर ते सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात सरकारी कामावर खजिनदार झाले. दुष्काळात माणसे हजारोंनी मरत होती आणि त्यांना काम मिळावे म्हणून सरकार तिथे तलाव बांधत होते. त्या कामावरचा पैसा रामजींच्या हातून जात होता. १९०१ साली भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला निघाले, तेव्हा मसूर स्टेशनपासून पुढे बैलगाडीवाल्याने त्यांना कसे वागवले आणि रात्रभर पाण्याचा घोट कसा मिळाला नाही, हे आपल्याला पाठ आहे. या प्रसंगातील दुसरी बाजू मात्र आपल्या ध्यानात येत नाही. सरकारी तिजोरीचे पैसे ज्या अस्पृश्य बापाच्या हातून बिनबोभाट वाटले जात होते, त्याच्याच मुलांना पाणी विटाळत होते. पैसा विटाळत नव्हता, माणूस विटाळत होता.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे सार्वजनिक अर्थशास्त्राचे नामवंत प्राध्यापक सेलिग्मन त्यांना गुरू लाभले. तरुण भीमरावांनी कोणता विषय घ्यावा? काव्य घेता आले असते, वेदान्त घेता आला असता. परदेशात त्याला भावही होता. त्यांनी घेतला ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि जमाखर्च. १९१५ साली एम.ए.साठी त्यांनी हा प्रबंध दिला. आकाराने लहान, पण हिशेब मोठा. सुर्जी अंजनगावच्या तहापाशी आम्ही जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर या प्रबंधात मिळते. कंपनीने लढाया केल्या, त्यांपायी कर्ज वाढत गेले आणि ते कर्ज हिंदुस्थानच्या नावावर लिहिले गेले. १८५८ साली कंपनी गेली, राणीचे राज्य आले, पण सुमारे ७ कोटी पौंडांचे कर्ज रयतेच्याच डोक्यावर राहिले. जमिनीचा सारा आणि मिठावरचा कर भरणाऱ्यांनी फौजेचा खर्च दिला, व्याज दिले, विलायतेतला खर्चही दिला. रस्ते, पाटबंधारे आणि शिक्षण यांच्या वाट्याला उरलेसुरले आले.

हे त्यांनी कसे काढले? कंपनीने काही आपल्या लुटीचा तक्ता तयार करून ठेवला नव्हता. ब्रिटिश पार्लमेंटपुढे वेळोवेळी ठेवलेली कागदपत्रे, चौकशी समित्यांचे अहवाल, संचालकांचे पत्रव्यवहार, यांत आकडे तुकड्यातुकड्यांनी पडलेले होते. एका ठिकाणी उत्पन्न, दुसऱ्या ठिकाणी खर्च, तिसऱ्या ठिकाणी कर्ज. ते गोळा करून ओळीने मांडले की चित्र उभे राहते.

कोलंबियातील डॉक्टरेटसाठी त्यांनी याहून अवघड काम हाती घेतले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांच्या वित्तव्यवस्थेचा इतिहास. अवघड अशासाठी की, १८३३ च्या सनदी कायद्याने सगळी आर्थिक सत्ता कलकत्त्याला केंद्रित झाली होती. प्रांत कर गोळा करीत, खर्चही करीत, पण त्यांची स्वतःची तिजोरी नव्हती. देशाचे पहिले रीतसर अंदाजपत्रकच मुळी १८६० साली जेम्स विल्सन यांनी मांडले. मग मुंबई इलाख्याने काय मिळवले, मद्रासने काय गमावले, हे शोधायचे कुठे?

या कामातील अडचणी सामान्य वाचकालाही कळाव्यात म्हणून थोडे खुलासेवार सांगतो. १८६६ पर्यंत सरकारचे हिशेबी वर्ष ३० एप्रिलला संपत असे. पुढे ते ३१ मार्चला संपू लागले. त्यामुळे १८६६-६७ हे वर्ष अकराच महिन्यांचे झाले. ज्याला हे माहीत नाही तो म्हणेल, त्या वर्षी खर्च घटला. खर्च घटलेला नसतो, महिना घटलेला असतो! दुसरे असे की, हिशेब कधी पौंडांत छापले जात तर कधी रुपयांत, आणि रुपयाचा भाव तर घसरत होता. तिसरे, एकाच खर्चाला तीन आकडे असतात. वर्षारंभीचा अंदाज, मधला सुधारित अंदाज आणि शेवटी प्रत्यक्ष झालेला खर्च. अंदाजात उदार दिसणारे सरकार प्रत्यक्षात हात आखडते, हे तिन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. चौथे, आज एका सदरात असलेला खर्च उद्या दुसऱ्या सदरात ढकलला जातो. मग दोन वर्षांची तुलनाच खोटी ठरते. असल्या जंगलातून वाट काढत बाबासाहेबांनी १८३३ ते १९२१ या काळाचा आलेख मांडला. लॉर्ड मेयोच्या डिसेंबर १८७० च्या ठरावाने तुरुंग, पोलीस, शिक्षण, रस्ते अशी खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे दिली गेली. १८७७ पासून काही उत्पन्नाच्या बाबी सोपवल्या गेल्या, १८८२ पासून उत्पन्नात वाटणी सुरू झाली. या तीन टप्प्यांत प्रांतवार जमाखर्चाचे तक्ते मांडून त्यांनी निष्कर्ष काढला की, प्रांतांना स्वायत्तता मिळाल्याचा गाजावाजा होत असला तरी तिजोरीची किल्ली केंद्राच्याच कमरेला होती.

आणि हा माणूस कोणत्या परिस्थितीत हे काम करीत होता? १९१६ साली ते लंडनला गेले. शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मागाहून बोटीने येणारे त्यांचे सामान आणि पुस्तके टॉर्पेडोच्या हल्ल्यात समुद्राच्या तळाशी गेली. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. कुठल्या कचेरीत? अकाउंटंट जनरलच्या, म्हणजे हिशेबाच्याच! साम्राज्याचा शंभर वर्षांचा हिशेब वाचणाऱ्या या विद्वानाला बडोद्यात भाड्याने खोली मिळाली नाही. पारशी विश्रामगृहात नाव लपवून काढलेले अकरा दिवस आणि काठ्या घेऊन आलेला जमाव यांविषयी आम्ही नव्याने काय सांगावे? ज्या देशात जातीचा हिशेब आधी होतो, तिथे गुणांचा हिशेब कोणी विचारत नाही.

पण बाबासाहेब खचले नाहीत. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भाथेना या मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. किंग हेन्रीज रोडवरच्या त्या घरात, जे महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले, अर्धपोटी राहून ते दिवसभर ग्रंथालयात बसत. १९२१ साली एम.एस्सी. झाली, तीही साम्राज्याच्या वित्ताचे प्रांतिक विकेंद्रीकरण या विषयावर. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने डी.एस्सी. मिळवून दिली. प्रांतिक वित्ताचा ग्रंथ १९२५ साली लंडनला प्रसिद्ध झाला, सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह. कोलंबियाची डॉक्टरेट रीतसर हाती पडली ती १९२७ साली.

हे पांडित्य त्यांनी कपाटात ठेवले असते तर ते एक थोर प्राध्यापक म्हणून ओळखले गेले असते. पण ते चळवळीत आले आणि हिशेबाची वही बरोबर घेऊन आले. १९२७ साली मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी साधी वजाबाकी मांडली. सरकार माणशी शिक्षणावर चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या उत्पन्नातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर द्या, एवढीच त्यांची मागणी. हा आकडा कुठल्याही तक्त्यात तयार मिळत नव्हता. दोन खात्यांचे आकडे लोकसंख्येने भागून समोरासमोर ठेवावे लागतात. ते ठेवायला कोणीतरी आपला माणूस त्या सभागृहात असावा लागतो!

त्याच वर्षी मार्चमध्ये महाड झाले. १३ नोव्हेंबरला अमरावतीत वऱ्हाडच्या अस्पृश्यांची परिषद झाली. अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर भरलेल्या या परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेबच होते. मंदिराच्या पायरीवरचा हक्क आणि तिजोरीतला हक्क ही त्यांच्या दृष्टीने एकाच समतेची दोन कलमे होती. म्हणून १९२८ साली सायमन कमिशनला बहिष्कृत हितकारिणी सभेचे निवेदन देताना त्यांनी नुसत्या तक्रारी लिहिल्या नाहीत. मुंबई इलाख्यातील शिक्षणाचा शंभर वर्षांचा इतिहास सरकारच्याच अहवालांतून काढून समोर ठेवला. धारवाडच्या सरकारी शाळेत १८५६ साली एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, त्याची नोंद सरकारच्याच दप्तरात होती. १८८१-८२ च्या आकड्यांत हायस्कुलात आणि कॉलेजात खालच्या जातींच्या विद्यार्थ्यांची संख्या शून्य होती. या शून्याचे मोल बाबासाहेबांनी ओळखले. कर सर्वांनी भरला, शाळा वरच्यांनी वापरली, हे सिद्ध करायला त्या एका शून्याइतका बळकट पुरावा दुसरा नाही. अपुऱ्या दप्तरात जे लिहिलेले नसते, तेही वाचता आले पाहिजे.

१९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना निवेदन दिले. तेही आकड्यांच्या आधारेच. त्यातून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी दरसाल ३ लाख रुपयांची तरतूद झाली आणि आपली मुले विलायतेला शिकायला गेली.

मग आले संविधान. केंद्र आणि राज्ये यांत कर कसे वाटावेत हे दर पाच वर्षांनी सांगणारा वित्त आयोग कलम २८० मध्ये आला. प्रांतांच्या तिजोरीचा इतिहास लिहिणाऱ्याच्या डोळ्यांदेखत हे कलम संमत झाले, हा योगायोग लहान नाही. १४८ ते १५१ या कलमांनी महालेखापाल निर्माण केला आणि त्याचा अहवाल लोकप्रतिनिधींपुढे ठेवणे बंधनकारक केले. मे १९४९ मध्ये संविधान सभेत बाबासाहेबांनी या पदाला न्यायाधीशांहूनही अधिक महत्त्वाचे मानले आणि त्याला पुरेसे स्वातंत्र्य मिळाले नाही याची खंतही बोलून दाखवली. १८६० च्या तहात वऱ्हाडचा हिशेब मागायचा नाही असे लिहिले होते. १९५० च्या संविधानाने हिशेब देणे सरकारवर बंधनकारक केले. नव्वद वर्षांत झालेली ही उलथापालथ आहे. तिच्यामागे एका माणसाची ग्रंथालयातली रात्रंदिवस मेहनत आहे.

आता आपण स्वतःकडे वळू. १९७९-८० पासून विशेष घटक योजना आली. तत्त्व सरळ होते. अनुसूचित जातींची लोकसंख्या जितके टक्के, तितके टक्के योजनेचा पैसा त्यांच्यासाठी. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण ११.८ टक्के आहे. इतक्या वर्षांत दरसाल किती तरतूद झाली, किती खर्च झाला, किती परत गेला आणि किती भलत्याच कामाला वळवला गेला, याचा वर्षवार तक्ता आपल्या किती संघटनांच्या कार्यालयात लावलेला आहे? दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी याच निधीतून सहाशे कोटींहून अधिक रुपये वळवले गेले. ते उघडकीस आले ते मोर्चामुळे नव्हे. कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात कागद काढले, आकडे जुळवले आणि गृहमंत्र्यांना राज्यसभेत कबुली द्यावी लागली. २०१३ साली आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने या निधीच्या रक्षणासाठी कायदे केले, तेही अशाच अभ्यासाच्या रेट्यामुळे.

हे काम फार मोठ्या विद्वानांचेच आहे असे समजू नका. राज्याच्या अंदाजपत्रकात ७८९ हा क्रमांक असलेले शीर्ष अनुसूचित जातींसाठीच्या खर्चाचे असते. ७९६ आदिवासींसाठीचे. कुठल्याही खात्याच्या पुस्तकात हा क्रमांक शोधा आणि त्यापुढचे आकडे पाहा. या वर्षीचा अंदाज, मागच्या वर्षीचा सुधारित अंदाज आणि त्याच्या मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च. एका वर्षाच्या पुस्तकाने समाधान मानू नका. एकाच वर्षाचा अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च वेगवेगळ्या सालच्या पुस्तकांत छापलेले असतात, म्हणून तीन वर्षांची पुस्तके शेजारी ठेवावी लागतात. गावात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांवर खर्च करायची असते. ती कोणत्या वर्षी कशावर झाली, हे मासिक सभेच्या ठरावांत, रोकड वहीत आणि लेखापरीक्षण अहवालात असते. एक वही हरवली असे सांगितले गेले तर दुसरी मागा. रोकड वही नसेल तर बँकेचे उतारे असतात, उतारे नसतील तर कामाची मोजमाप पुस्तिका असते. पैसा जिथून जातो तिथे खूण ठेवून जातो. बाबासाहेबांनी कंपनीचा हिशेब असाच काढला होता आणि त्यांच्याजवळ माहितीच्या अधिकाराचा कायदाही नव्हता. आपल्याजवळ २००५ पासून तो आहे आणि अर्जाला दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो.

जयंतीला आपण लाखोंची वर्गणी गोळा करतो आणि तिचा हिशेब पैपैने मागतो. कोणी दहा रुपये कमी दाखवले तर बैठकीत वादळ होते. ही सवय चांगलीच आहे! फक्त ती वस्तीच्या मंडळापुरती राहू नये, तहसीलीपर्यंत, जिल्हा परिषदेपर्यंत, मंत्रालयापर्यंत जावी. अंजनगावपासून अमरावतीपर्यंत प्रत्येक तालुक्यात दोन पदवीधर मुले आणि दोन मुली जरी आपल्या वस्तीच्या निधीचा मागच्या दहा वर्षांचा तक्ता बनवायला बसल्या, तरी पुढच्या १४ एप्रिलला पुतळ्यासमोर हारासोबत एक वही ठेवता येईल. बाबासाहेबांना हाराचे फारसे कौतुक नव्हते. ती वही मात्र त्यांनी उघडून पाहिली असती आणि बेरीज तपासली असती.

जयभीम!